खालच्या पाच रेघा

१

त्या दिवशी हवा अगदी पडलेली होती. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, आणि वाऱ्याने तर जणू रजाच टाकली होती. आभाळ न पिळलेल्या चादरीसारखं खाली लोंबत होतं. समोरच्या गॅलरीत दोरीवर टाकलेले कपडे सकाळी जसे होते तसेच दुपारी होते, एक बाहीसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे ज्याने त्याने बाजावाल्यांना हेच ऐकवलं, की वाऱ्याने काहीतरी हललं असेल, पडदा कीबोर्डच्या पट्ट्यांना लागला असेल. वारा नव्हता. पडदा तर धुवायला टाकलेला होता.

बाजावाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची. नाच शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अकॉर्डियन वाजवण्यात त्यांचा जन्म गेला. शाळा त्यांनी बाहेरूनच जास्त पाहिलेली. कानाने ऐकायचं आणि बोटांनी काढायचं, एवढीच त्यांची विद्या. मग ते आजारपण आलं आणि डावी बाजू घेऊन गेलं. पाय कसाबसा परत आला, हात आला नाही. तो मांडीवर पडून असायचा, उन्हाळ्यातसुद्धा गार, कोणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. अकॉर्डियनला दोन हात लागतात, म्हणून ते कपाटावर चढलं. सुनेने आपल्या खोलीतला कीबोर्ड आणून त्यांच्या खिडकीपाशी मांडला. "एका हाताने वाजेल तेवढं वाजवा, बाबा. बोटं तरी चालू राहतील."

खिडकी उघडली की समोर, हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ, शिवणताईंची गॅलरी होती. शिवणताई दिवसभर तिथे मशीनवर बसलेल्या असायच्या. पायाने मशीन, तोंडाने गप्पा.

"काका, आज सूर लागत नाहीये," त्या दोरा दाताने तोडत म्हणायच्या.

"तुमची शिवण तरी कुठे सरळ जातेय."

"माझं गिऱ्हाईक तक्रार करत नाही."

"माझं गिऱ्हाईक तुम्हीच आहात, आणि फुकटचं आहात."

असं रोजचं चालायचं.

बाजावाल्यांनी आयुष्यात एकच चाल स्वतः बांधली होती. वर्ग सुटताना वाजायची ती. तिचे दोन भाग होते. पहिल्यावर मुली श्वास सोडत, अंग सैल करत, आणि दुसऱ्यावर उठून बूट घालून घरी जात. बाईंना "वर्ग संपला" असं कधी म्हणावं लागलं नाही. त्या चालीवर ज्या मुली घरी गेल्या, त्यांच्या मुलीही पुढे त्याच चालीवर घरी गेल्या.

आता बाईंनी कीबोर्डवर नवा वाजवणारा ठेवला होता. पोरगा गुणी होता, पण कागद समोर असल्याशिवाय त्याची बोटं हलत नसत. बाई स्वतः जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "तुमची चाल कागदावर उतरवून द्या. वर तुमचं नाव घालते. नाहीतर तुमच्यामागे ती जाईल, आणि मला रोज घसा फोडून मुलींना घालवावं लागेल."

कागद म्हटल्यावर पूर्वी बाजावाल्यांची पंचाईत झाली असती. पण सून घरबसल्या नेमकं हेच काम करायची. लोक तिला वाजवलेल्या फाइली पाठवायचे, आणि ती त्यांचं नोटेशन करून द्यायची, पाच रेघांवरचे काळे ठिपके. बाजावाल्यांनी कीबोर्डचं लाल बटण दाबायचं, वाजवायचं, पेन ड्राइव्ह काढून तिच्या हातात द्यायचा. बाकीचं तिचं.

त्या पडलेल्या दुपारी त्यांनी खिडकीपाशी बसून, डावा हात मांडीवर नीट ठेवून, चालीचा पहिला भाग वाजवला. एकाच दमात आणि बिनचूक. शिवणताईंनी मशीन थांबवून ऐकलं, म्हणजे बरं झालं असणार.

२

संध्याकाळी सूनबाई कागद घेऊन आली. "बाबा, डावा हात चालला की काय तुमचा?"

"काय म्हणतेस?"

तिने कागद समोर धरला. बाजावाल्यांना त्यातलं वाचता यायचं नाही, पण रचना त्यांना ठाऊक होती. रेघांच्या जोड्या असतात. वरच्या पाच रेघा उजव्या हाताच्या, खालच्या पाच डाव्याच्या. खालच्या रेघा कोऱ्या असायला हव्या होत्या. त्या कोऱ्या नव्हत्या. फार नाही, पण लांब लांब अंतरावर ठिपके बसले होते, पक्षी तारेवर बसावेत तसे.

"हे कोणाचं?"

"तुमच्याच फाइलीतलं आहे."

"दुसऱ्या कोणाचं तरी मिसळलं असेल. दिवसभर दहा लोकांचं काम करतेस."

"बाबा, मी डबे भरते का लोकांचे, की भाजी इकडची तिकडे व्हावी? तुमची फाइल वेगळी, त्यांची वेगळी."

"मग खोलीत काहीतरी वाजलं असेल. शिवणताईंचं मशीन."

सून त्यांच्या शेजारी बसली. ती शांतपणे समजावून सांगणारी बाई होती. "यात आवाज नसतोच, बाबा. मशीन वाजू दे, नाहीतर छप्पर पडू दे, यात ते येत नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि केव्हा सोडली, एवढंच यात उमटतं. खाली ठिपका आहे म्हणजे ती पट्टी दाबली गेली आहे. फार हलकी, जेमतेम. पण दाबली गेली आहे."

"मी नाही दाबली."

"मग कोणी दाबली?"

हा प्रश्न तिने सहज विचारला होता. पण बाजावाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती वगैरे त्यांना वाटली नाही. राग आला, आणि तोही अपमानाचा. उभ्या आयुष्यात एक चाल बांधली, तिच्यात कोणीतरी न विचारता हात घातला होता.

"वाजवून दाखव," ते म्हणाले.

तिने कॉम्प्युटरवर वाजवलं. वर त्यांची चाल होती, तशीच्या तशी. खालून मधूनच एक जाड, मंद सूर यायचा आणि चालीला मागे ओढून धरायचा, निघालेल्या पाहुण्याची बाही धरावी तसा. आणि एक गोष्ट बाजावाल्यांच्या कानांनी लगेच टिपली. खालचा सूर त्यांच्या सुराच्या मागून येत नव्हता. तो किंचित आधी येत होता. पुढे काय वाजणार आहे ते त्याला माहीत होतं.

"ही माझी चाल नाही," ते म्हणाले. "माझी चाल माणसांना घरी सोडते. हे काय चाललंय, हे तर धरून ठेवतंय."

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा वाजवलं. ठिपके वाढले होते.

दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने कीबोर्ड उलटा केला, सुलटा केला, खालच्या सुरांच्या, डावीकडच्या पट्ट्या एकेक दाबून पाहिल्या. "यंत्र ठणठणीत आहे, काका. यंत्र आपणहून काही करत नाही." जाताना त्याने मांडीवरच्या डाव्या हाताकडे हळूच एक नजर टाकली. ती नजर बाजावाल्यांना झोंबली. म्हणजे म्हाताऱ्याचा हात आपोआप उडतो आणि म्हाताऱ्याला पत्ता नाही, असं त्याला म्हणायचं होतं.

हा संशय त्यांच्याही मनात येऊन गेला होता, नाही असं नाही. म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांनी सुनेकडून डावा हात मफलरने खुर्चीच्या हाताला बांधून घेतला.

"बाबा, हे जरा जास्तच होतंय."

"बांध. गाठ घट्ट मार. उद्या कोणी बोट दाखवायला नको."

समोरून शिवणताईंनी विचारलं, "काका, कोणाला पकडलंत?"

"चोराला."

"मग पोलिसात द्या की. घरात का बांधून ठेवलाय?"

ते हसले नाहीत. लाल बटण दाबून वाजवायला लागले आणि या वेळी त्यांनी कान आपल्या चालीवरून काढून खालच्या बाजूला लावले. आधी काही नाही. मग आलं. सूर नव्हता तो. पट्टी हलकेच खाली बसावी आणि प्लास्टिकने प्लास्टिकला टेकावं, तेवढाच आवाज. टक. पुन्हा, थोडं खाली, टक. बाजावाल्यांचा उजवा हात वाजवतच राहिला, कारण वर्षानुवर्षांच्या सवयीचा हात होता तो, मालक घाबरला तरी थांबणारा नव्हता.

वाजवणं संपल्यावर त्यांनी आधी मफलर तपासला. गाठ जागच्या जागी होती. मग ते त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांशी मोठ्याने बोलले, गल्लीतल्या द्वाड मुलांशी बोलावं तसं. "लाज वाटत नाही? स्वतःचं काही असेल तर स्वतः बांध. दुसऱ्याच्या ताटात काय जेवतोस?"

मग त्यांना एक सुचलं. टेबलावर सकाळचं वर्तमानपत्र होतं. एक पान सोडवून त्यांनी ते खालच्या पट्ट्यांवर पसरलं, कडेने चापून बसवलं. त्यांच्या मनात होतं, की पट्ट्या आतून बिघडून खाली खेचल्या जात असतील तर कागद वरच्या वर ताठ राहील. तेवढं दिसलं की दुरुस्तीवाल्याला कान धरून परत आणायचं.

ते वाजवायला लागले. नजर कागदावर.

चालीच्या पहिल्याच वळणाशी कागदाला खळगा पडला. कागद वरून दबला, बोटाने दाबावा तसा, आणि वर काहीच नव्हतं. छापलेल्या ओळी त्या जागी वाकल्या. खळगा भरून आला. दुसरा पडला, त्याच्या शेजारी. मग तिसरा. बोटं चालावीत तसे ते खळगे कागदावरून सावकाश चालत होते, उजवीकडे. त्यांच्या हाताच्या दिशेने.

बाजावाल्यांनी हात उचलला. कागद सपाट झाला.

त्यांनी पान घडी घालून जागेवर ठेवलं. सुनेला यातलं काही सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? औषधाच्या गोळ्यांत एक गोळी वाढली असती.

४

"हे धुऊन काढता येत नाही का?" त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"येतं की," सून म्हणाली. "चाळणी लावता येते. कोणाचं बोट चुकून शेजारच्या पट्टीला घासतं, तसले हलके ठिपके बरेच लोकांच्या फाइलीत असतात. अमुक दाबाच्या खाली जे असेल ते गाळून टाक, असं याला सांगायचं. तुमचे सूर ठसठशीत आहेत, ते वर राहतील. हे खालचे पडतील."

"मग आधी का नाही लावलीस?"

"आधी म्हटलं, बाबांनी मुद्दाम काही हलकं वाजवलं असेल तर तेही जाईल. माणसाला विचारल्याशिवाय त्याचं काही गाळू नये."

"त्याने विचारलंय का मला, की तुमच्यात शिरू का? लाव चाळणी. जाड लाव."

"जाड लावली तर—"

"लाव म्हटलं ना पोरी."

तिने लावली. नवा कागद निघाला तेव्हा खालच्या पाच रेघा धुतलेल्या ओट्यासारख्या स्वच्छ होत्या. वर फक्त त्यांची चाल. बाजावाल्यांनी तो कागद हातात घेऊन खिडकीशी नेला आणि एक ठिपका कळत नसताना वरपासून खालपर्यंत पाहिला. माथ्यावर त्यांचं नाव होतं. नाव त्यांना वाचता येत होतं.

"काका, निकाल लागला वाटतं," शिवणताई म्हणाल्या. "पास का नापास?"

"पास. चोराला घरातून हाकललं."

"पेढ्यांचं नंतर बघू, आधी वाजवून दाखवा."

त्या रात्री जेवताना ते सुनेशी गोड बोलले, दोन घास जास्त खाल्ले. झोपायच्या आधी ती नेहमीप्रमाणे त्यांच्या डाव्या हाताला तेल चोळायला बसली आणि चोळता चोळता थांबली.

"बाबा, हात गरम लागतोय."

"तुझेच गरम असतील. भांडी घासून आलीस."

"माझे गार आहेत." तिने आपला तळवा त्यांच्या गालाला लावून दाखवला. खरंच गार होता. "चांगलं लक्षण आहे. रक्त फिरायला लागलंय म्हणजे."

बाजावाल्यांनी त्या हाताकडे पाहिलं. तो होता तसाच पडलेला, बोटं किंचित वळलेली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या मनात आलं ते भलतंच. हा एवढा धावून कुठून आलाय, की याचं अंग तापलंय?

५

चालीचा दुसरा भाग त्यांनी पुढच्या आठवड्यात वाजवला. तोच महत्त्वाचा, उठून घरी जाण्याचा. या वेळी त्यांनी खालच्या पट्ट्यांकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवलं. चाळणी होती. काय यायचं ते येऊ दे आणि पडू दे. वाजवताना उजवा खांदा जरा जड वाटला. पण वय झालं होतं, आणि त्या दिवशी गारठाही होता.

सुनेकडे कामाचा ढीग पडला होता. तिने फाइल घेतली, नोटेशन केलं आणि कॉम्प्युटरवरूनच परस्पर बाईंना पाठवून दिलं. "बाबा, तुमचं काम झालं. बाईंनी उद्या वर्गात बोलावलंय ऐकायला."

बाजावाले इस्त्रीचा सदरा घालून गेले. वर्गाची ती लांब खोली, भिंतीभर आरसे, लाकडी जमीन, दाराशी बुटांची रांग. त्यांचं स्टूल अजून कोपऱ्यात होतं. नवा वाजवणारा उठून उभा राहिला. "आजोबा, तुम्ही बसा ना इथे."

"तू बस बाबा. आता तुझी जागा."

वर्ग संपत आला. बाईंनी मान हलवली. पोऱ्याने कागद सरळ केला आणि पहिला भाग सुरू झाला. बाजावाल्यांचे डोळे भरून आले. चाल त्यांचीच होती, दुसऱ्याच्या हातून येत होती, आणि तरी त्यांचीच होती. मुलींचे खांदे सैल पडले. कोणी मान फिरवली, कोणी पाऊल ताणलं. आता दुसरा भाग लागला की सगळ्या बुटांकडे वळणार.

पोऱ्याने पान उलटलं. क्षणभर कपाळाला आठी घातली आणि उजवा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. मग तो एकट्या डाव्या हाताने वाजवायला लागला.

बाजावाल्यांनी तो जाड, मंद सूर ओळखला. आता त्याला कोणाची बाही धरायची गरज उरली नव्हती. तो मोकळा, ऐसपैस चालत होता, एकेक पायरी खाली, पुन्हा एकेक पायरी खाली, जिना संपतच नाही असा. वाईट नव्हतं ते. बाजावाल्यांना सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचाच, की ते वाईट नव्हतं.

कोणीही बुटांकडे वळलं नाही. मुली होत्या तिथे उभ्या राहिल्या, आरशाकडे तोंड करून, आणि वाजवणं थांबलं तरी उभ्याच होत्या. दाराशी आलेली एक आई आत डोकावून म्हणाली, "चल ना गं." मुलगी हलली नाही. तिने आईला फक्त डावा हात हलवून दाखवला. बाजावाल्यांनी आरशात पाहिलं. सगळ्यांचे उजवे हात शरीरापासून जरा सुटे लोंबत होते, आपले नसल्यासारखे.

मग बाईंनी टाळ्या वाजवल्या, आपल्या दोन्ही हातांनी, आणि खोली पुन्हा हलायला लागली. कोणी हसलं, कोणी ढकललं, बुटांचा खडखडाट झाला. जणू मधे काहीच झालं नव्हतं.

बाई त्यांच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "काय केलंत हो हे. इतकी वर्षं ऐकतेय, दुसरा भाग असा कधी वाजवला नाहीत. अंगावर काटा आला."

"तो माझा नाही, बाई."

"आता विनय पुरे."

"विनय नाही हा. माझा नाही तो. माझ्या चालीवर मुली घरी जातात. या कुठे गेल्या?"

"जातील की. ऐकत राहिल्या बिचाऱ्या, तेवढंच तुमचं कौतुक." बाईंनी कागद घेऊन त्यांच्यासमोर धरला. "हे काय, तुमचंच नाव आहे वर."

नाव होतं. नावाखाली वरच्या पाच रेघा पानभर रिकाम्या होत्या, फक्त ठरावीक अंतरावर एकेक छोटी आडवी खूण. "ती थांबायची खूण, आजोबा," पोऱ्याने अदबीने सांगितलं. "उजव्या हाताने इथे गप्प राहायचं. सगळा भागभर गप्प राहायचं."

बाजावाले तिथून निघाले. रस्त्यात बोलत होते, एकटेच. शेजारून जाणारी माणसं बाजूला होत होती. आयुष्यभर कोणाचं घेतलं नाही. कोणाची चाल वाजवली तर आधी सांगितलं, की बाबांनो, ही अमक्याची. आणि आज भर वर्गात दुसऱ्याच्या चालीवर माझं नाव. माझं माझ्याच नावाखालून बाहेर काढलं.

६

"पण बाबा, मला वाटलं तुम्हीच तो भाग खालच्या पट्ट्यांवर वाजवलात," सून म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "खाली सगळे ठसठशीत ठिपके होते. वर काही नव्हतं, म्हटलं नसेल."

"चाळणी काढ."

तिने काढली. वरच्या पाच रेघांवर ठिपके उगवले. त्यांची चाल, दुसरा भाग, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. कुठेही चूक नव्हती.

"हे बघ. आहे ना? मी वाजवलंय ना?"

"आहे." ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वाकली. एका ठिपक्यावर तिने टिचकी मारली, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. "पण किती हलकं आहे हे. बोट नुसतं टेकवावं तसं. म्हणून चाळणीतून पडलं. तुम्ही जपून वाजवलंत का?"

"नेहमीसारखं वाजवलं. नेहमीच्या जोराने."

"आणि खालचं—" ती बोलता बोलता थांबली. "पहिल्या फाइलीत तुमचा जेवढा दाब होता ना, तेवढाच आता खालच्याचा आहे."

तिच्या खोलीत पंखा फिरत होता. बाजावाल्यांना आपलीच वाक्यं आठवली. जाड लाव. लाव म्हटलं ना.

"मी बाईंना फोन करते," सून म्हणाली. "सांगते, की माझी चूक झाली, तो कागद फाडून टाका. तुम्ही पुन्हा वाजवा. मी चाळणी न लावता करते, खालचं एकेक हाताने पुसते. हवं तर मी शेजारी बसते."

"शेजारी नको. मी एकटा त्याला पुरा पडतो." ते उठले. "आणि तू रडू नकोस. तुझी काही चूक नाही. मागितलं ते तू दिलंस."

ते खिडकीपाशी येऊन बसले. दुपार कलत होती. शिवणताई समोर होत्या, कोणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत. पुन्हा तशीच पडलेली हवा. दोरीवरचे कपडे हलत नव्हते. बाजावाल्यांनी डावा हात नीट मांडीवर ठेवला, की ठेवलेला होता म्हणून तसाच राहू दिला, हे नंतर त्यांना नक्की आठवेना. लाल बटण दाबलं.

आणि मग त्यांनी वाजवलं, असं वाजवलं की वर्गाच्या दिवसांतसुद्धा कधी वाजवलं नसेल. सगळा राग बोटांत उतरला होता. खालून टक झालं नाही, सूर आला नाही, कोणी ओढलं नाही. त्यांची चाल खोलीभर दणदणत होती, दोन्ही भाग, एकामागून एक. माणसांना घरी सोडणारी. ऐकताना त्यांचे डोळे मिटले होते. हा सूर माझा, हाही माझा. काढ आता चाळून मला. शेवटचा सूर त्यांनी लांबवला, इतका लांबवला की तो आपोआप विरला.

त्यांनी डोळे उघडले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. खांदा जड, पण मन कितीतरी दिवसांनी हलकं. सुनेला हाक मारावी असं वाटलं, पण आधी खिडकी ओढून घ्यावी म्हणून त्यांनी हात पुढे केला. खिडकी लागली नाही. त्यांना वाटलं, कडी अडकली असेल.

शिवणताई हातातलं काम थांबवून त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं कौतुक होतं की बाजावाल्यांनाच संकोच वाटला. सुई त्यांनी पदराला टोचली, कठड्यावर दोन्ही कोपरं टेकली आणि हसून म्हणाल्या, "काका, एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवलीत ना आमच्यापासून? डावा हात आला की हो तुमचा. मघापासून बघतेय, कसा झरझर फिरत होता पट्ट्यांवरून. पण आता त्या उजव्याला कशाला एवढा आराम देताय, सगळा वेळ मांडीवरच पडलेला होता तो."